आत्याची पट्टी आणि माझ्या चुका

आमच्या घरात लग्न नसलं तरी लग्नाची गडबड बारमाही असायची, ती द्वारका आत्यामुळे. निर्मळ गावातल्या आमच्या आळीत काय किंवा आसपासच्या गावांत काय, कुणाकडे लग्न निघालं की त्या घरची बाई आधी आमच्या ओटीवर येऊन टेकायची. आमंत्रणाला निघताना पहिला नारळ कुठल्या देवाला, वरच्या आळीत आधी कुणाचा उंबरा चढायचा, मामाला कसं बोलवायचं, विहिणीचे पाय कुणी धुवायचे, हे सगळं आत्याला तोंडपाठ. त्यात कुणी इकडचं तिकडे केलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मधल्या आळीतल्या एकाने वरची आळी सोडून आधी खालच्या आळीत आमंत्रणं दिली, तर आत्याने त्याला भर रस्त्यात सायकलवरून उतरवलं होतं. तो बिचारा कॅरियरला केळीचा घड बांधून चालला होता. उतरला, मुकाट्याने ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी वरच्या आळीपासून पुन्हा सगळी आमंत्रणं देत आला. ज्यांना आदल्या दिवशी मिळालं होतं त्यांनाही परत दिलं.

आत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तोच तिचा नवरा मुंबईच्या एका इस्पितळात ऑपरेशनला गेला, त्याला भूल दिली, आणि तो त्यातून उठलाच नाही. आत्या माहेरी आली ती कायमची. तेव्हापासून भूल हा शब्द आमच्या घरात कुणी काढायचा नाही. आणि सगळ्या पंचक्रोशीच्या लग्नांची जिला खडान्‌खडा माहिती, ती स्वतः कुठल्याच मंडपात पाऊल टाकायची नाही. विधवेने हळदीला हात लावायचा नाही, नवरीसमोर उभं राहायचं नाही, ही रीत. तिला हे कुणी सांगावं लागलं नाही, कारण ही रीत सगळ्यांत कडक तीच पाळायची. मागच्या दारी चुलाणाजवळ उभी राहून ती हुकूम सोडायची आणि आत मंडपात बायका त्याप्रमाणे हलायच्या. मी लहानपणी समजत होते की तिला मोठमोठ्या तपेल्यांचा स्वयंपाकच आवडतो.

आत्या बोलायची ती आमच्या वाडीची जुनी बोली. ती इथे कागदावर उतरवायचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला. माझ्या सुनेला वाचून दाखवलं तर तिला अर्धं कळेना, आणि मला स्वतःलाही ते लिहिलेलं पाहून कुणा परक्याचं वाटलं. तेव्हा आत्या या पानांवर शाळेतल्यासारखं मराठी बोलते. तिने हे वाचलं असतं तर माझे कान उपटले असते.

ज्या हिवाळ्याबद्दल मी लिहितेय, त्या हिवाळ्यात मी शाळेच्या शेवटच्या वर्षात होते. थंडी पडली की आमच्याकडे सुकेळ्यांचं काम निघायचं. राजेळी केळी पिकली की सोलायची, कारवीच्या मांडवावर उन्हात ओळीने वाळत घालायची, संध्याकाळी टोपल्यांत भरून झाकायची आणि सकाळी पुन्हा मांडायची. चांगली मधाच्या रंगावर आली की वाळलेल्या केळीच्या पानांत घट्ट बांधायची. घरभर त्या गोडसर, किंचित आंबूस वासाचं राज्य. माशा हाकलायला कुणीतरी मांडवाशी बसलेलं असायचं, बहुतेक मीच. पहाटे मोगऱ्याच्या आणि चाफ्याच्या टोपल्या घेऊन सायकली निघायच्या, त्यांच्या घंटा, विहिरीवरच्या इंजिनाची धडधड, देवळातली घंटा, पलीकडच्या गावातली चर्चची घंटा, हे सगळं एकात एक मिसळून दिवस सुरू व्हायचा. दुपारी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं, नाहीतर केळफुलाची भाजी. केळफूल निवडण्यात आत्याचा हात कुणी धरू शकायचं नाही. तेल चोळलेल्या बोटांनी एकेका फुलातली कडक काडी ती अशी खटाखट उपटायची की बघत राहावं.

तुळशीचं लग्न झालं आणि त्या मोसमातलं पहिलंच लग्न आमच्या शेजारी निघालं. हळदीचा दिवस होता. मंडपात बायका गात होत्या आणि मागच्या दारी आत्या भाताचं तपेलं उतरवून पेज गाळून घेत होती. हळदीच्या गाण्यात एकेका नातेवाइकाचं नाव गुंफतात, त्यालाही क्रम असतो. कुणीतरी नवऱ्या मुलाच्या आत्याच्या आधी मावशीचं नाव घेतलं. झालं. आमची आत्या तिथूनच सुधारायला म्हणून वळली, तपेल्याच्या कडीवरचा दुसऱ्या बाईचा हात हलला, आणि उकळती पेज तिच्या उजव्या पायावर, मांडीपासून पोटरीपर्यंत, सगळी गुडघ्यावरून वाहत गेली. कुणी शाई आणली, कुणी केळीच्या सोपटाचं पाणी ओतलं. मंडपातलं गाणं बराच वेळ चालूच होतं, कारण आत कुणाला काही कळलंच नव्हतं.

काही दिवस तिला जवळच्याच एका डॉक्टरांच्या इस्पितळात ठेवलं. इस्पितळ म्हणजे काय, चार खाटा आणि एक ऑपरेशनची खोली. मग घरी पाठवलं आणि सांगितलं की रोज पट्टी बदलायची, एकही दिवस चुकवायचा नाही. त्यासाठी मार्था सिस्टर यायला लागल्या. त्या राहायच्या सांडोरला आणि नोकरी याच डॉक्टरांकडे. दुपारची सुट्टी झाली की सायकलवरून आमच्याकडे यायच्या. पांढरा स्वच्छ गणवेश, घट्ट अंबाडा, गळ्यात बारीक क्रूस. आल्या की आधी हात धुवायच्या, मग आईने केलेला चहा प्यायच्या, मग आत्याकडे जायच्या. चहाच्या आधी कधीच नाही. मला वाटायचं, बाई मोठी चहाबाज आहे. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की तेवढ्या वेळात आत्याला त्यांची सवय व्हावी म्हणून त्या मुद्दाम समोर बसून चहा घेत होत्या.

पहिल्या पट्ट्या मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. जखमेला चिकटलेलं कापड मिठाच्या पाण्याने भिजवून सोडवायचं, खालची मेलेली कातडी काढायची, नवीन मलम, नवीन कापड. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण गोळीने जेवढं व्हायचं तेवढंच होत होतं. आत्या ओरडायला लागली की आळीतल्या ओट्यांवर गजरे ओवणाऱ्या बायकांचे हात थांबायचे. माझ्या आत्याला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं; तिच्यापुढे दुसरे रडायचे. ती त्या खाटेवर लहान मुलासारखी हात जोडत होती, ते मला बघवत नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने चांगल्या पायाने सिस्टरांचा ट्रे लाथाडला आणि म्हणाली, मला मरू द्या, पण हात लावू नका. सिस्टरांनी खाली बसून एकेक वस्तू वेचली, सगळं पुन्हा उकळायला ठेवलं आणि पुन्हा आल्या.

घरातल्या प्रत्येकाने तिचं लक्ष दुसरीकडे लावायचे प्रयोग करून पाहिले. अण्णा म्हणाले, डोळे मीट आणि देवाचं नाव घे. तिने देवाला अशा काही शब्दांत हाक मारली की अण्णांनाच उठून बाहेर जावं लागलं. आईने तिच्या पुढ्यात केळफूल ठेवलं, की बाई हात चालू राहिले तर बरं वाटेल. ते केळफूल भिंतीवर आपटलं. मी पोथी वाचायला घेतली. आत्याने मला पानासकट हाकललं. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच पालुपद, झालंच हं, काही दुखणार नाही, झालंच. एके दिवशी सिस्टर हात पुसता पुसता आम्हाला म्हणाल्या, “दुखणार नाही असं यांना कुणी सांगायचं नाही. दुखणार आहे. खोटं बोललात तर उद्या त्या तुमच्यावर विश्वास ठेवणार नाहीत, आणि माझ्यावरही नाही.”

त्यांची स्वतःची रीत वेगळी होती. काय करणार ते आधी सांगायच्या, आता पाणी सोडते, आता वरचं कापड उचलते. चिमटा ट्रेमध्ये ठेवताना जो आवाज होतो त्यानेच आत्या दचकते हे त्यांच्या ध्यानात आलं, तेव्हापासून ट्रेमध्ये एक जाड फडकं अंथरलेलं असायचं. आणि त्यांनी आत्याला सांगितलं, की बोट वर केलंत की मी थांबणार, तुम्ही खाली केल्याशिवाय सुरू करणार नाही. आत्याने पहिल्या दिवशी बोट वर केलं ते खाली आणलंच नाही. सिस्टर बसून राहिल्या. पाण्याची वाटी दोनदा गरम करून आणावी लागली. शेवटी आत्याच कंटाळली. पण थांबायचं आपल्या हातात आहे हे तिला पटलं आणि लाथा बंद झाल्या. ओरडणं मात्र चालू होतं.

आणि मग एका दुपारी ते झालं. माझ्या मावसभावाचं लग्न ठरलं होतं. सिस्टरांनी नुकतीच सुरुवात केली होती, मी आत्याच्या उशाशी पंखा घेऊन बसले होते, आणि दारात आई अण्णांना सांगत होती की एवढी गडबड आहे तर मुलाच्या मामाकडे पत्रिका सरळ पोस्टाने टाकून द्यायला सांगू. आई बिचारी सहज बोलली. आत्या खाटेवर ताठ झाली. मामाला पोस्टाने? मामा म्हणजे काय विजेचं ऑफिस आहे का, अर्ज पोस्टाने टाकायला? मामाच्या घरी जोडीने जायचं, नारळ आणि अक्षता घेऊन, मामीची ओटी भरायची, आणि मामाने हो म्हटल्याशिवाय तिथून उठायचं नाही. असं न करता कुणाच्या लग्नात काय काय झालं, मामा कसा रुसला, मुलीला मंडपात आणायला कुणी नव्हतं म्हणून मुहूर्त कसा टळला, सगळा इतिहास तिने सांगितला. मी पंखा हलवायचा विसरले. सिस्टरांनी एकदाही मान वर केली नाही. आत्याचं बोलणं संपलं तेव्हा सगळं जुनं कापड ट्रेमध्ये पडलेलं होतं आणि जखम धुऊन झाली होती. त्या दिवशी बोट एकदाही वर गेलं नव्हतं.

निघताना सायकलला टेकून सिस्टर मला म्हणाल्या, “उद्या कोणती चूक करणार आहेस, सुमन?”

माझं त्या हिवाळ्यातलं काम हे असं ठरलं. रोज एक चूक शोधून ठेवायची. ऐकायला सोपं वाटतं. पण रीत चुकवायची तर आधी ती यावी लागते, आणि मला एकही धड येत नव्हती. मग मी सकाळी मांडवावर सुकेळी मांडता मांडता आईला पिडायचे. घाणा भरताना काय करतात, जात्याला हळकुंड कोण बांधतं, रुखवतात काय हवं, कानपिळीला कुणाला बसवायचं. आईला सगळं येत नव्हतं, मग ती शेजारी विचारून यायची. अभ्यासाची पुस्तकं एकीकडे राहिली. दुपारी सिस्टरांनी पाणी सोडते म्हटलं की मी निरागस तोंड करून सुरू व्हायचे, आत्या, मुलीला मंडपात काकाच आणतो ना गं?

चूक बेतशीर असावी लागे. एकदा मी फार पुढे गेले आणि म्हणाले की आधी लग्न लावून घ्यायचं आणि मग आमंत्रणं द्यायची. आत्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं, मला वेडी समजतेस का म्हणाली, आणि बोट वर केलं. तो दिवस फार वाईट गेला. फार बारीक चूकही चालायची नाही, ती ‘हं, तसंही करतात काही जण’ म्हणून सोडून द्यायची. जिच्यामुळे कुणाचा तरी मान जातो, अशी चूक सगळ्यांत उत्तम. विहिणीच्या पंगतीत कुणाला आधी वाढायचं यावर तर एका दुपारी ती इतकी तापली की पट्टी बांधून झाली, सिस्टर हात धुऊन आल्या, तरी तिचं संपलेलं नव्हतं. या पोरीच्या डोक्यात नुसता भुसा आहे, हिचं लग्न लागायचं कसं, असं ती येईल-जाईल त्याला सांगायची. आळीत माझी तशीच ख्याती झाली. मला वाईट वाटायचं आणि नाहीही वाटायचं.

आता अलीकडे विरारला नातीचं रक्त तपासायला गेले होते. सुया टोचणारा मुलगा तरुण होता, भाषा अर्धी हिंदी, अर्धी मराठी. त्याने सुनेच्या हातात आधी मोबाइल दिला आणि म्हणाला, हा व्हिडिओ लावा, तिचं लक्ष तिकडे जाईल. आमची चिमुरडी एका हाताने मोबाइल ढकलत आणि जिवाच्या आकांताने डोळ्यांनी सुई शोधत होती. मग त्याने एक बाटली काढली, साबणाचे फुगे काढायची, आणि तिला म्हणाला, मला नीट येत नाहीत, तू मोठा काढून दाखव. फुगा मोठा काढायचा तर सावकाश फुंकावं लागतं, आणि सावकाश फुंकलं की हात आपोआप सैल पडतो. ती फुंकत राहिली आणि त्याचं काम झालं. घरी येताना सून म्हणाली, बघा, किती नवीन नवीन काढतात. ज्याला दुखणार आहे त्याला बघायला देऊन भागत नाही, करायला द्यावं लागतं, एवढं मी त्या खाटेच्या उशाशी बसून शिकले होते. आत्याला साबणाचे फुगे दिले असते तर तिने ते आमच्याच डोळ्यांत मारले असते. तिला तिचं काम दिलं पाहिजे होतं, आणि तिचं काम म्हणजे लोकांच्या चुका काढणं.

जखम भरत आली. घरात सगळे खूश होते आणि सिस्टर मात्र गप्प गप्प दिसायला लागल्या. पाय दुखतो म्हणून आत्या गुडघ्याखाली उशी घेऊन तो कायम वाकवून ठेवायची. सिस्टर रोज सांगायच्या, उशी काढा, सिस्टर गेल्या की उशी परत यायची. नवी कातडी येता येता आवळली आणि गुडघा तसाच बसला. सरळ होईना. डॉक्टरांनी पाहून सांगितलं की आता थांबलो तर हा पाय असाच राहील, काठी घेऊनही नीट टेकणार नाही. मुंबईला नेलं तर भूल देऊन ऑपरेशन करतील, दुसरीकडची कातडी लावतील. नाहीतर इथेच हळूहळू दाबून सरळ करून मागून प्लास्टर घालून बघायचं. आत्याने भूल हा शब्द ऐकला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मुंबईला मी जाणार नाही, म्हणाली, कोपऱ्यात बसेन, तुमच्या शेंगा सोलून देईन. अण्णा त्या रात्री जेवले नाहीत. आत्या बसून राहिली तर या घराचं काय होईल याची कल्पनाच कुणाला करता येत नव्हती. घर चालायचं ते तिच्या पायांवर.

केळी नेणाऱ्या टेम्पोत गादी टाकून आम्ही तिला इस्पितळात नेलं. डॉक्टर वयाने लहान होते, बोलायला मऊ. त्यांनी आत्याला नीट समजावून सांगितलं, की मी जोर लावणार नाही, जोर लावला तर कातडी फाटेल. तुम्ही पाय सैल सोडलात तरच तो सरळ होईल. ताठ केलात तर मी थांबणार, आणि मग मुंबईच. त्यांनी नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगितलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, आईला खांदे धरायला राहू द्या, आणि या मुलीचं इथे काम आहे. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला होऊन मला उशाशी जागा दिली.

मी त्या दिवसासाठी तीन चांगल्या चुका राखून ठेवल्या होत्या. गरम पाण्यात पिळलेले कपडे गुडघ्याभोवती गुंडाळून झाले आणि डॉक्टरांनी तळहात ठेवला. मी पहिली चूक केली. आत्याने अर्धं वाक्य उच्चारलं आणि दात आवळले. पाय लाकडासारखा झाला. डॉक्टर थांबले. पुन्हा सुरू केलं, मी दुसरी चूक केली, तिने ऐकलीच नाही. तिसरीला तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि थकलेल्या आवाजात म्हणाली, “पुरे, सुमे. तुला सगळं येतं आता. मला माहीत आहे.”

तिला कधीपासून माहीत होतं, कोण जाणे. डॉक्टरांनी हात काढून घेतला आणि सिस्टरांकडे पाहून हळूच मान हलवली. आईच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहत होतं. आत्या छताकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर सुटल्यासारखा भाव होता, की बरं झालं, आता कुणी हात लावणार नाही. तो भाव पाहून मला भयंकर राग आला. कुणाचा, ते सांगता येत नाही. तिचा, चुलाणाचा, मंडपातल्या बायकांचा, सगळ्यांचाच. माझ्याजवळ आता एकही चूक उरली नव्हती.

“माझ्या लग्नात पहिली हळद तू लावणार आहेस,” मी म्हणाले. “पहिली. मंडपात येऊन.”

हे मी ठरवून आणलेलं नव्हतं. आईचे आत्याच्या खांद्यावरचे हात तसेच राहिले. सिस्टर दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या धर्माच्या, पण अर्थ त्यांनाही कळला, कारण त्यांनी मागे सरलेल्या डॉक्टरांना नजरेने थांबवलं आणि मग नजरेनेच सुरू करायला सांगितलं. आत्याने मान माझ्याकडे वळवली. मी वाट बघत होते. आता ती म्हणणार, मूर्ख मुली, विधवेचा हात लागतो का हळदीला, आणि त्या रागात निदान थोडा तरी पाय सैल पडेल. सगळ्या हिवाळ्यात तिने माझी एकही मोठी चूक सोडली नव्हती. ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. ती मनातल्या मनात काहीतरी लावून बघत होती, कुणाच्या आधी कोण, कुणाच्या नंतर कोण, बायका सल्ला विचारायला यायच्या तेव्हा करायची तसंच. डॉक्टरांचा तळहात खाली खाली जात होता. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते कानाकडे ओघळलं, तिने पुसलं नाही.

“चुकलीस,” ती शेवटी म्हणाली. “पहिली आईची. माझी दुसरी.”

सिस्टर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या तोपर्यंत तिच्या पायाच्या मागून लावायलाही लागल्या होत्या. पाय गादीला टेकला होता. आई हुंदके देऊन रडायला लागली तेव्हा आत्याने तिला झापलं, की खांदा सोड, दुखतोय.

माझं लग्न त्यानंतर काही वर्षांनी झालं. आत्याचा तो पाय थोडा ताठ राहिला, पण घरातलं कुठलंही काम त्यामुळे अडलं नाही. हळदीच्या दिवशी आईने मला हळद लावली आणि वाटी बाजूच्या सवाष्णीकडे न देता हातात धरून मागच्या दाराकडे बघत उभी राहिली. गाणाऱ्या बायका गप्प झाल्या. आत्या चुलाणापासून निघाली, पदराला हात पुसत, मंडपाच्या मधून, सगळ्यांच्या देखत, सावकाश चालत आली. वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या बाईने न राहवून विचारलं, अगं द्वारके, हे कुठल्या रीतीत बसतं? आत्याने वाटीत बोटं बुडवली आणि तिच्याकडे न बघता सांगितलं, “आईनंतर आत्या. असंच असतं.” ज्या बाईला सगळं गाव रीत विचारायला यायचं, तिच्यापुढे आणखी कोण काय बोलणार. तिने माझ्या कपाळाला, गालांना, दोन्ही हातांना हळद लावली. तिची बोटं फार गार होती.

आता आमच्याकडची लग्नं हॉलमध्ये होतात, हळदीला पिवळे पोशाख आणि फोटोवाले असतात. मागच्या हिवाळ्यात आळीतल्याच एका मुलीच्या हळदीला गेले होते. तिच्या आत्याचा नवरा नुकताच वारलेला, आणि ती मागे खुर्चीत अंग चोरून बसली होती. नवरीच्या आईची हळद लावून झाली तशी कुणीतरी त्या आत्याला हाताला धरून पुढे आणलं. मी बघत राहिले. माझ्या शेजारी आळीतल्याच कुणाची तरी तरुण सून बसली होती, तिला वाटलं, मला रीत माहीत नसावी. ती वाकून मला समजावून सांगायला लागली, “आजी, आमच्या आळीत दुसरी हळद आत्याचीच असते. कुणी का असेना. पूर्वीपासून तसंच आहे.”

मी म्हटलं, हो, पूर्वीपासून.